आधी टाइप कर, मग बोल!

ऑफिसच्या मीटिंगमध्ये तुम्ही कुठल्या टाइपचे? पहिला टाइप म्हणजे बॉसचं वाक्य संपायच्या आत ज्यांचा माइक अनम्यूट होतो ते. दुसरा टाइप म्हणजे नाव घेऊन विचारल्याशिवाय जे तोंड उघडत नाहीत ते. तिसरा टाइप मात्र भलताच इंटरेस्टिंग. ही मंडळी तासभर म्यूटवर असतात, कॅमेरा बंद, पण चॅट बॉक्समध्ये बोटं धडाधड चालू! लिंक टाकतील, स्लाइडवरची चूक दाखवतील, शेजारणीला प्रायव्हेटमध्ये जोक पाठवतील. मीटिंग संपल्यावर कुणीतरी मिनिट्स काढायला बसतं तेव्हा कळतं, कामाचे निम्मे मुद्दे या ‘मुक्या’ लोकांनीच दिले होते.

आता याच तिसऱ्या टाइपला संध्याकाळी सातच्या जर्मनच्या नाहीतर जपानीच्या क्लासला नेऊन बसवा. तिथे चॅट बॉक्स नाही. समोर टीचर, आजूबाजूला चौदा अनोळखी चेहरे आणि प्रश्न थेट अंगावर. झालं! दिवसभर टीम्सवर गप्पा मारणारा आपला हीरो एकदम वहीत डोकं घालतो. फी भरलेली, पुस्तकं घेतलेली, ट्रॅफिक तुडवत पोचलेला, आणि दीड तासात तोंडातून निघालं काय, तर फक्त ‘येस मॅम’.

तर आज बोलूया भाषेच्या क्लासमधल्या या शांततेबद्दल. आणि ती फोडणाऱ्या एका साध्या, फुकट आणि तुमच्या खिशात ऑलरेडी असलेल्या हत्याराबद्दल. चॅटबद्दल!

दीड तासाचं गणित

परकीय भाषा शिकणं ही पुण्यात काही नवी फॅशन नाही. मॅक्स म्युलर भवनात जर्मन, अलियान्स फ्रान्सेजमध्ये फ्रेंच, फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे कोर्सेस, हे आपल्या काका-मावशांनीही केलंय. फरक इतकाच, की तेव्हा बऱ्याच जणांसाठी तो छंद होता आणि आता तो करिअर प्लॅन आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून तर नर्सिंगवाले, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, सगळेच ‘गुटन मोर्गन’ म्हणायला लागलेत. आयटीवाल्यांचं जपानी प्रेम आधीपासूनच आहे. थोडक्यात काय, बॅचेस फुल आहेत.

आणि फुल बॅच म्हणजेच प्रॉब्लेम. जरा कॅल्क्युलेटर काढा. क्लास ९० मिनिटांचा, बॅच १५ जणांची. शिकवणं, फळ्यावर लिहिणं, शंका आणि हजेरी यात निम्मा वेळ गेला असं धरू. उरली ४५ मिनिटं. भागिले १५. दर माणशी तीन मिनिटं! तीही सगळ्यांना सारखी वाटली तर. पण तसं कधी होतं का? पुढच्या बाकावरचे दोन-तीन उत्साही मूर्ती त्यातली अर्धी मिनिटं फस्त करतात. त्यांचा दोष नाही बरं का. शांतता पसरली की कुणालातरी ती भरून काढावीशी वाटतेच, आणि टीचरलाही पोर्शन संपवायचा असतो. मग मागच्या बाकावरच्या पाच-सहा जणांच्या वाट्याला आठवड्याला एखादं वाक्य येतं. कधी तेही नाही.

बोलण्याचं गणित असं क्रूर आहे. एक बोलतो तेव्हा चौदा जण थांबतात. रांग एकच आणि खिडकीही एकच.

एका सेकंदाची भानगड

रांगेत नंबर लागला तरी दुसरी अडचण असतेच. वेळ!

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात शाळांमधल्या विज्ञानाच्या तासांची रेकॉर्डिंग्ज तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतात? सरासरी साधारण एक सेकंद! हाच वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागली. आणि हे शाळेतल्या, रोजच्या वापरातल्या भाषेबद्दल होतं बरं.

आता परक्या भाषेत त्या एका सेकंदात डोक्यात काय काय चालतं बघा. टीचरनं विचारलं, ‘टेबलावर काय काय आहे?’ चमचा, काटा, सुरी. शब्द येतात हो! लोफेल, गाबेल, मेसर. पण जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. तीन वस्तू, तीन लिंगं. मराठी माणसाला तीन लिंगांची सवय आहे, पण आपल्याकडे तो चमचा, तो काटा आणि ती सुरी. म्हणजे सिस्टिम ओळखीची, पण उत्तरं निराळी. मेंदू आधी मराठीत जातो, तिथून इंग्रजीत, तिथून जर्मनमध्ये पोचतो, लिंग चेक करतो, क्रियापद दुसऱ्या नंबरवर आहे ना बघतो... आणि तोवर पहिल्या बाकावरचा उत्तर देऊन मोकळा!

वर भीती आहेच. उच्चार चुकला तर? सगळे हसले तर? ऑफिसमध्ये टीम लीड असलेल्या माणसाला इथे केजीतल्या मुलासारखं अडखळायला नको वाटतं. या भीतीला भाषाशिक्षणाच्या जगात रीतसर नाव आहे, ‘फॉरेन लँग्वेज क्लासरूम अँग्झायटी’. एलेन हॉर्विट्झ आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ती मोजायची ३३ प्रश्नांची फूटपट्टीच बनवली. म्हणजे मागच्या बाकावर बसून तळहाताला घाम फुटणारे तुम्ही एकटे नाही. तुम्ही तर सिलॅबसमध्ये आहात!

म्हणून लक्षात ठेवा. गप्प बसलेल्या माणसाला येत नसतं, असं नाही. बऱ्याचदा त्याला नंबर मिळत नसतो, आणि मिळालाच तर वेळ पुरत नाही. चॅट नेमकी हीच दोन कुलुपं उघडतं. पंधरा जण एकाच वेळी लिहू शकतात, म्हणजे रांगच नाही. आणि सेंड दाबायच्या आधी वाक्य पुन्हा वाचता येतं, खोडता येतं. बोललेलं वाक्य बॅकस्पेस करता येत नाही ना!

आयडिया जुनी आहे, बॉस!

लॉकडाऊनमध्ये २०२० साली क्लासेस झूमवर गेले आणि चॅट बॉक्स वर्गात आला, असं आपल्याला वाटतं. खरी गोष्ट तर व्हॉट्सअॅपच काय, याहू मेसेंजरच्याही आधीची आहे.

वॉशिंग्टनमध्ये गॅलॉडेट विद्यापीठ आहे, कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठीचं. तिथल्या अनेक मुलांची गप्पांची भाषा म्हणजे अमेरिकन साइन लँग्वेज. इंग्रजी त्यांना भेटायची ती कागदावर. निबंधात, पुस्तकात, चुकांच्या लाल रेघांमध्ये. इंग्रजीत थट्टा करणं, मध्येच तोडणं, वाद घालणं, हे कधी अनुभवलेलंच नाही. १९८५ च्या सुमाराला ट्रेंट बॅटसन या प्राध्यापकानं वर्गातले कम्प्युटर एकमेकांना जोडले आणि मुलांना इंग्रजीत टाइप करून गप्पा मारायला लावलं. एकाच खोलीत बसून, पण स्क्रीनवरून! लिखित इंग्रजी त्या मुलांसाठी पहिल्यांदा ‘लाइव्ह’ झालं.

ही कल्पना मग ऐकू-बोलू शकणाऱ्यांच्या वर्गात पोचली. १९९५ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रिचर्ड कर्न यांनी फ्रेंच शिकणाऱ्या मुलांची एकाच विषयावरची चर्चा दोन प्रकारांनी तपासली. एकदा तोंडी आणि एकदा नेटवर्कवर टाइप करून. चॅटमध्ये मुलांच्या बोलण्याच्या पाळ्या दुपटीहून जास्त झाल्या आणि वाक्यं दोन ते चार पट. पुढच्याच वर्षी मार्क वॉर्शाउर यांनी इंग्रजी शिकणाऱ्या १६ विद्यार्थ्यांचे चौघा-चौघांचे गट केले. समोरासमोरच्या चर्चेत जे चार जण सर्वांत गप्प होते, त्यांचा वाटा दोन टक्क्यांच्याही खाली होता. चॅटमध्ये तो सतरा टक्क्यांच्या आसपास गेला. तीच माणसं, तेच गट, फक्त तोंडाऐवजी बोटं!

गंमत म्हणजे, या चॅटमधली भाषा तोडकीमोडकी नव्हती. वॉर्शाउर यांना तिथली वाक्यं तोंडी चर्चेपेक्षा जास्त गुंतागुंतीची आढळली. साहजिकच आहे. विचार करायला वेळ मिळाला, की माणूस ‘आय लाइक’, ‘आय डोन्ट लाइक’च्या पुढे जातो.

पण टाइप करून बोलता येतं का?

हा प्रश्न तुमच्या डोक्यात आलाच असेल. शंका रास्त आहे. स्विमिंगचं पुस्तक वाचून कुणी पोहायला शिकतं का?

यावर २००२ मध्ये पेन आणि व्हिटनी या दोघांनी स्पॅनिशच्या वर्गांत प्रयोग केला. काही वर्गांनी आठवड्याच्या चार तासांपैकी दोन तास चॅटरूममध्ये घालवले, बाकीच्यांनी चारही तास नेहमीच्या वर्गात. सेमिस्टरच्या शेवटी परीक्षा घेतली ती बोलण्याची. म्हणजे चॅटवाले मागे पडायला हवे होते. प्रत्यक्षात त्यांचीच प्रगती जास्त दिसली. लॉजिक असं, की बोलताना आणि चॅट करताना मेंदूचं निम्मंअधिक काम सारखंच असतं. काय सांगायचं ते ठरवणं, शब्द शोधणं, त्यांना वाक्यात बसवणं, समोरच्याचं उत्तर समजून पुढची चाल खेळणं. फक्त शेवटची पायरी वेगळी, तोंडाऐवजी कीबोर्ड. आणि चॅटमध्ये समोरच्याचं वाक्य स्क्रीनवर राहतं, ऐकलेलं लक्षात ठेवायचं टेन्शन नाही.

ही शेवटची पायरी मात्र विसरून चालत नाही. जर्मनची बी-वन परीक्षा आठवा. वाचन, श्रवण, लेखन आणि ‘श्प्रेशेन’ म्हणजे बोलणं, असे चार वेगवेगळे भाग. प्रत्येकात शंभरपैकी साठ हवेतच. बोलण्याच्या परीक्षेत जोडीदाराबरोबर एखादा बेत ठरवायचा, एका विषयावर छोटं प्रेझेंटेशन द्यायचं आणि प्रश्नोत्तरं करायची. तिथे ‘जस्ट अ मिनिट, टाइप करतेय’ म्हणायची सोय नाही.

जपानीवाल्यांची केस तर उलटीच. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते. लिहायचंही नाही, फक्त पर्याय निवडायचे. त्यामुळे एन-थ्री पास झालेले, पण क्लायंटच्या कॉलवर ‘हाय, हाय’च्या पुढे न जाणारे वीर तुमच्याही ऑफिसात असतील. जी गोष्ट परीक्षेत विचारत नाहीत, ती वर्गातही मागे पडते. अशा बॅचला चॅटची गरज जास्तच.

ग्रुप आहे, पण क्लास कुठंय?

तुम्ही म्हणाल, आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे की! आहे ना, माहितीय. त्यात काय असतं तेही माहितीय. पहिल्या आठवड्यात सगळे त्या भाषेत ‘हॅलो’ म्हणतात. दुसऱ्या आठवड्यात टीचर पीडीएफ टाकतात आणि खाली पंधरा अंगठे उगवतात. तिसऱ्या आठवड्यापासून ‘आज क्लास आहे का?’, ‘होमवर्क कुठलं?’, ‘पार्किंग फुल आहे’, आणि तेही मराठी-इंग्रजीत. महिन्याभरानं दिवाळीच्या शुभेच्छा. त्यानंतर म्यूट.

असा ग्रुप म्हणजे नुसती नोटीस बोर्डाची डिजिटल कॉपी. चॅटमुळे सहभाग वाढतो तो टूलमुळे नाही, त्या टूलवर काय करायला लावलं जातं त्यामुळे. बर्कलीतल्या मुलांना विषय दिला होता, ठरलेली वेळ होती आणि सगळे एकाच वेळी जागेवर हजर होते. आपल्या ग्रुपवर यातलं काहीच नसतं.

रविवारची बॅच

हे जमतं कसं ते मी एका बॅचमध्ये जवळून पाहिलंय. रविवारी सकाळची ऑनलाइन जर्मन बॅच, लेव्हल ए-टू. आमच्या मॅडमचा नियम एकदम सिम्पल. तासाची पहिली पाच मिनिटं चॅट बॉक्सची. प्रश्न स्क्रीनवर यायचा, उदाहरणार्थ, ‘काल शनिवारी काय केलंत?’ तीन मिनिटं सगळ्यांनी लिहायचं, पण एंटर दाबायचा नाही! मॅडमनी ‘लोस!’ म्हटलं की एकदम सगळ्यांनी सेंड. स्क्रीनवर पंधरा उत्तरांचा धबधबा कोसळायचा. ऑनलाइन शिकवणाऱ्यांमध्ये या ट्रिकला धबधबा असंच नाव आहे. फायदा उघड आहे. पहिल्या हुशाराचं उत्तर बघून बाकीच्यांना कॉपी मारता येत नाही, आणि आपलं उत्तर गर्दीत एकदम आल्यामुळे लाजायचंही कारण नाही.

मग मॅडमच्या हाती अख्ख्या वर्गाचा एक्स-रे यायचा. एका रविवारी निम्म्या बॅचनं ‘मी महाबळेश्वरला गेलो’सारख्या वाक्यांत एकच चूक केली होती. ‘इश बिन गेफारेन’ हवं, तिथे ‘इश हाबे गेफारेन’. एका जागेहून दुसरीकडे जायची क्रियापदं ‘हाबे’ घेत नाहीत, ‘बिन’ घेतात. तोंडी विचारलं असतं तर एकाची चूक सुधारून पुढे गेलो असतो आणि बाकीचे सात जण ती तशीच घरी घेऊन गेले असते. चॅटमध्ये सगळ्यांच्या चुका एका स्क्रीनवर. मॅडमनी कुणाचंही नाव घेतलं नाही. फक्त विचारलं, मराठीत ‘मी केलं’ म्हणता, पण ‘मी गेलं’ म्हणता का? ‘मी गेलो’, ‘मी गेले’ म्हणता ना? तसंच समजा. नियम दोन्हीकडे हुबेहूब सारखा नाही, पण ‘जाणं’ हे ‘करण्या’हून वेगळं वागतं हे डोक्यात फिट्ट बसलं.

आणि शेवटचा फंडा सगळ्यात महत्त्वाचा. धबधबा झाला, की प्रत्येकानं माइक ऑन करून आपलंच वाक्य वाचायचं. मग मॅडम त्याला फक्त एक जोडप्रश्न विचारायच्या. का गेलास? कुणाबरोबर? पहिलं वाक्य हातात तयार असल्यामुळे दुसरं आपोआप निघायचं.

त्या बॅचमध्ये एक मुलगी होती. हॉस्पिटलात नर्स, बऱ्याचदा नाइट ड्यूटी करून थेट क्लासला बसायची. जर्मनीत नर्स म्हणून काम करायचं तर साधारणपणे बी-टूपर्यंत जावं लागतं, म्हणजे तिच्यासाठी हा क्लास हा पुढच्या दहा वर्षांचा प्रश्न होता. आधीच्या बॅचमध्ये आपण जवळजवळ बोललोच नाही, असं तिनंच एकदा सांगितलं. इथे चॅटमध्ये मात्र तिची वाक्यं सगळ्यांत लांब असायची. ‘वाइल’ लावून कारण द्यायची, आणि क्रियापद बरोब्बर शेवटी टाकायची. ‘वाइल इश म्यूडे बिन’, शब्दाला शब्द ‘कारण मी दमलेली आहे’. मराठीसारखंच! आम्हाला ती ‘वीक’ वाटायची, ती तर वर्गात सगळ्यांत पुढे होती. हे आम्हालाही कळलं आणि बहुतेक तिलाही. कोर्स संपेपर्यंत ती वाचून दाखवायच्या ऐवजी थेट बोलायला लागली होती. अडखळायची, थांबायची, पण बोलायची.

साइड इफेक्ट्स आहेतच

चॅट म्हणजे जादूची कांडी नाही. कर्न यांनीही हे स्पष्ट नोंदवलं होतं, की वाक्यं वाढतात, पण व्याकरणाचा नेमकेपणा आणि चर्चेचा सुसंगत धागा यासाठी हे माध्यम फारसं कामाचं नाही. पंधरा जण एकदम लिहितात तेव्हा पाच विषय एकात एक गुंततात. टीचरला सगळं वाचून होईपर्यंत गाडी पुढच्या स्टेशनवर!

उच्चारांचं तर नावच नको. ‘शोन’ म्हणजे ‘आधीच’ आणि ‘श्योन’ म्हणजे ‘सुंदर’. फरक आहे तो ‘ओ’वरच्या दोन टिंबांचा. टाइप करताना ती टिंबं विसरलात तर वाचणारा समजून घेईल. बोलताना मात्र ओठांचा आकार बदलावा लागतो, आणि तो कीबोर्ड शिकवत नाही. जपानीत वेगळीच गंमत. रोमन अक्षरांत टाइप केलं की फोन स्वतःच कांजी सुचवतो. ओळखता आली की झालं, हातानं काढता आली नाही तरी चालतं. ऑफिसच्या ईमेलसाठी तेवढं पुरेल, पण लिहिता येतं असा गैरसमज करून घेऊ नका.

सध्याचं सगळ्यांत मोठं संकट म्हणजे दुसऱ्या टॅबमध्ये उघडलेलं चॅटजीपीटी नाहीतर ट्रान्सलेट अॅप. उत्तर चकाचक, क्रेडिट तुमचं, शिकलं कोण? कुणीच नाही! त्यावर उपाय दोनच. वेळ इतका कमी द्या की कॉपी-पेस्टला सवड नको, आणि लिहिलेल्यावर लगेच तोंडी प्रश्न विचारा. जे स्वतः लिहिलंय त्यावर माणूस काहीतरी बोलतोच. एआयला वापरायचंच असेल तर घरी वापरा. आपलं वाक्य आपण लिहायचं आणि त्याला फक्त ‘चूक कुठाय ते सांग, दुरुस्त करू नकोस’ म्हणायचं.

आणि एक गोष्ट जी टीचर्सच्या सहसा लक्षात येत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुप म्हणजे नंबर सगळ्यांच्या हातात. क्लासमधल्या ओळखीवर रात्री साडेअकराला ‘हाय, प्रॅक्टिस करूया?’ असा मेसेज आला की मुलगी ग्रुपवरच काय, क्लासमध्येही गप्प होते. सहभाग वाढवायला काढलेलं टूल एखादीचा सहभाग असाही संपवू शकतं. नंबर न दाखवणारे पर्याय आहेत, झूमचा चॅट बॉक्स, गूगल क्लासरूम, डिस्कॉर्ड. ग्रुप काढण्याआधी पाच मिनिटं यावर विचार करायला काय हरकत आहे?

ट्राय करून बघा!

● पाच मिनिटं मागा: टीचरना सरळ सांगा, तासाच्या सुरुवातीला एक प्रश्न आणि तीन मिनिटं लिहायला द्या. ऑफलाइन क्लास असेल तरी फोन सगळ्यांकडे असतोच.

● धबधबा करा: सगळ्यांनी लिहायचं, इशारा झाल्यावरच सेंड करायचं. कॉपी बंद, लाज बंद.

● लिहिलेलं बोला: चॅटमधलं वाक्य मोठ्यानं वाचल्याशिवाय अॅक्टिव्हिटी संपली असं समजायचं नाही. त्यावर एक जोडप्रश्न मस्ट!

● जोडी जमवा: पंधरा जणांच्या ग्रुपवर बुजायला होतं. दोघांची नाहीतर तिघांची छोटी टीम करा. रोज दोन ओळी, ठरलेल्या वेळी, त्याच भाषेत. जेवायच्या सुट्टीत डबा उघडताना ‘आज भाजी काय?’ एवढंही चालेल.

● व्हॉइस नोटचा पूल बांधा: दोन-तीन आठवडे टाइप केल्यावर तेच वाक्य व्हॉइस नोटवर पाठवा. पाठवण्याआधी ऐकता येतं, आवडलं नाही तर डिलीट! चॅट आणि समोरासमोरचं बोलणं यांच्या मधली ही बेस्ट पायरी.

● कीबोर्ड आधी सेट करा: फोनमध्ये जर्मन, फ्रेंच किंवा जपानी कीबोर्ड अॅड करा. ऑटोकरेक्ट इंग्रजीवर राहिलं तर तुमच्या सुंदर जर्मनचं भजं होईल.

● चुकांची वही ठेवा: चॅटचा एक मोठा प्लस पॉइंट म्हणजे रेकॉर्ड राहतं. आठवड्याच्या शेवटी आपले मेसेज वर सरकवत वाचा. तीच चूक तिसऱ्यांदा दिसली की ती वहीत!

शेवटी एवढंच. परदेशातल्या हॉस्पिटलात रात्री दोन वाजता पेशंटनं बेल दाबली, की तिथे चॅट बॉक्स नसतो. क्लायंट लिफ्टमध्ये भेटून हवापाण्याबद्दल विचारतो तेव्हाही नसतो. तिथे तोंडच उघडावं लागतं. पण पोहायला शिकणारं पोर पहिल्या दिवशी खोल पाण्यात टाकत नाहीत. आधी कमरेएवढ्या पाण्यात, कठड्याला धरून पाय मारायला लावतात. चॅट म्हणजे तो कठडा. धरायचा, पाय मारायचे, दम वाढवायचा आणि एक दिवस हात सोडायचा.

तर मग पुढच्या क्लासला जाताना फोन सायलेंटवर टाका. स्वतःला मात्र नको!